दाराखालची सावली

आमच्या गल्लीच्या तोंडाशी लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. आठ फूट बाय अकरा फूट. टेपने मोजून सांगतो, कारण आतलं लोखंडी टेबल मी बांधून दिलं आहे. दुकान एक बाई चालवते. वय बेचाळीस, उंची बेताची, हात स्थिर. तिला सगळे मीटरबाई म्हणतात. मशीन समोर आलं की ती मीटरच्या दोन काड्या लावून आधी मोजते, मग तोंड उघडते. गिऱ्हाईक घाई करतं, "काय झालंय ते तरी सांगा." ती म्हणते, "थांबा, त्याला विचारतेय."

सोळा वर्षं ती टेलिफोनच्या कारखान्यात सोल्डरिंगच्या रांगेत होती. दिवसाला सहाशे चाळीस टाके, चूक झाली तर टाका पुन्हा. कारखाना बंद पडल्यावर बाकीच्या बायकांनी मिळेल ते काम धरलं. हिने गरम हवेचं एक जुनं यंत्र आणि भंगारातले मेलेले बोर्ड आणले. अकरा बोर्ड जाळून ती शिकली. बारावा चालू झाला. दुकानाची पाटी तिने त्यानंतर लावली. आधी नाही.

तिचा एक नियम आहे. मशीनमधून जे काढलं ते फेकायचं नाही. गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवायचं, वर चिठ्ठी लावायची आणि मालकाला परत द्यायचं. जळका चिप असो की तुटका स्क्रू. लोक हसतात. "याचं काय लोणचं घालू?" असं विचारतात. ती म्हणते, "घाला. पण तुमचं आहे, तुम्ही न्या."

मी चौतीस वर्षं ओतकाम केलं. निवृत्त झाल्यावर बायको आठ दिवस गप्प राहिली आणि नवव्या दिवशी म्हणाली, "अहो, घरात नुसते पाय मध्ये येतात तुमचे. जा कुठेतरी." मी मीटरबाईच्या दुकानात जाऊन बसू लागलो. दुपारी दोन ते पाच. नुसतं बसणं मला जमत नाही, म्हणून तिने काम दिलं. चिप काढताना तिचे डोळे भिंगाला लागलेले असतात. तापमानाचा आकडा बाजूला दिसतो. तो मोठ्याने वाचायचा. एवढंच.

शिवणकाम करणारी मावशी आली ती अशाच एका दुपारी. मीटरबाई तिला मावशी म्हणायला लागली, म्हणून आम्हीही. साठीला आलेली, बोटांना सुईचे घट्टे. लॅपटॉप तिने जाड कापडाच्या पिशवीत आणला होता. पिशवी तिनेच शिवलेली, आत अस्तर, कोपऱ्यांना दुहेरी शिलाई. पिशवीवर घेतलेले कष्ट पाहून मी खुर्ची सरकवून दिली.

"लेकीचा आहे," ती म्हणाली. "ती नाही आता. चार महिने झाले. नऊ दिवस आजारी होती, एवढंच."

मीटरबाईने काड्या उचलल्या नाहीत. "चालू होतो का?"

"होतो. पण दारापाशी बंद पडतो."

"कुठल्या दारापाशी?"

"दाखवते. चार आकडे लागतात. मला पाठ आहेत."

लेकीचा धंदा घरांची चित्रं करण्याचा होता. बांधायच्या आधीच घर कॉम्प्युटरवर उभं करायचं, गिऱ्हाइकाला आतून फिरवायचं. ऑफिसात मोठी मशीनं होती. घरी मात्र या लॅपटॉपवर ती फावल्या वेळात स्वतःचं घर उभं करत होती. त्यांचंच, दोन खोल्यांचं.

मावशीने आकडे दाबले, फाइल उघडली. पाच मिनिटं काही नाही. मग बाहेरची खोली आली. मी पुढे वाकलो. चित्र म्हणवत नव्हतं. भिंतीला टेकवलेली घडीची खाट, कपाटाचं एक हँडल तुटलेलं आणि तिथे लाल दोरा बांधलेला. फरशीचा तिसरा तुकडा कोपऱ्यात फुटका. मावशी बाणांच्या बटणांनी पुढे गेली. एकेक पाऊल अडखळत पडत होतं.

"हे कपाट असंच आहे?" मी विचारलं.

"दोरासुद्धा," ती म्हणाली.

खोलीच्या टोकाला आतल्या खोलीचं दार होतं. बंद. दाराखाली बोटभर फट, फटीतून पिवळा उजेड बाहेर फरशीवर सांडलेला. त्या उजेडात सावली हलत होती. पुढे, मागे, पुढे, मागे. मग थांबली. मग पुन्हा.

"पडदा असेल, मावशी," मीटरबाई म्हणाली.

"आतल्या खोलीला खिडकी नाही."

"मग पंखा."

"पंखा बाहेर आहे. वर बघ, केलाय तिने." ती स्क्रीनजवळ बोट नेऊन म्हणाली, "हा उजेड माझ्या शिवणयंत्राच्या दिव्याचा आहे. तेवढा ओळखते. यंत्र आतल्या खोलीत असतं. तिथे मी बसते, दुसरं कोणी बसत नाही. आणि मी तर इथे आहे."

ती दारापर्यंत गेली आणि उघडायचं बटण दाबलं. पंख्याचा आवाज चढत गेला. लॅपटॉप टेबलावर थरथरला. दार बोटभर किलकिलं झालं आणि स्क्रीन काळा पडला. त्या काळ्या काचेत आम्हा तिघांचे चेहरे दिसले.

"रोज इथपर्यंत जाते," मावशी म्हणाली. "वेडी नाही मी. लेक आत बसलीय असं म्हणत नाही. पण तिने तिथे कोणाला तरी बसवलंय. माझ्या जागेवर. कोण, ते मला बघायचंय. मग झोप लागेल."

मीटरबाईने तासभर मोजलं. मग सांगितलं. चित्रं काढणारा ग्राफिक्सचा चिप या घरापुढे कमी पडतो, शिवाय अर्धा मेलेला आहे. प्रोसेसरही लहानच. दोन्ही बोर्डाला कायमचे जोडलेले असतात, मोठ्या कॉम्प्युटरसारखं कार्ड खेचून दुसरं खोचता येत नाही. फाइल काढून दुसऱ्या दणकट मशीनवर बघितली तर आजच्या आज काम होईल.

"नाही." मावशीने लॅपटॉप जवळ ओढला. कीबोर्डवरची चार-पाच बटणं घासून गुळगुळीत झाली होती. "तिचे हात याच्यावर होते. दार याच्यावरच उघडायचं."

"मग दोन्ही चिप बदलावे लागतील."

"बदल. घर तेवढं शाबूत ठेव."

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. तळाचे तेरा स्क्रू. मीटरबाईने आधी डिस्क काढून तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली. हे ती नेहमी करते. नक्कल पूर्ण झाल्यावर ती निवांत झाली. तिची चूक तिथेच झाली होती, पण ते आम्हाला सहा दिवसांनी कळलं.

चिप बदलायचा म्हणजे काय ते सांगतो. चिपच्या पोटाखाली कथलाच्या बारीक गोळ्या असतात. खसखशीच्या निम्म्या. या प्रोसेसरखाली अकराशे चाळीस होत्या. बोर्ड खालून तापवायचा, वरून गरम हवा द्यायची. कथील वितळलं की चिप अलगद उचलायचा. नव्या चिपला सगळ्या गोळ्या नव्याने बसवायच्या, तो जागेवर ठेवायचा आणि पुन्हा तापवायचा. एकही गोळी हलली तर मशीन मुकं. प्रत्येक वेळी बोर्ड थोडा थोडा मरतो. मीटरबाईचा हिशेब असा की बोर्डाने चार वेळा भट्टी सोसावी, पाचवी देवाच्या भरवशावर.

ग्राफिक्सचा चिप तिने माझ्याशी एक शब्द न बोलता काढला आणि त्याच घराण्यातला मोठा चिप बसवला. दोन दिवस गेले. दोन भट्ट्या झाल्या. तिसरी प्रोसेसर काढायची. मी आकडे वाचत होतो. दोनशे वीस. दोनशे पंचवीस. ठरलं होतं दोनशे चाळीस. दोनशे एकोणतीसला चिपच्या कडेने काहीतरी चमकलं. ओतकामाच्या भट्टीत धातू तयार झाला की असाच चमकतो, माझ्या नजरेत ते पक्कं बसलेलं.

मी म्हणालो, "पातळ झालं. उचल. जुनाच तर आहे, त्याला काय जपायचं?"

तिने उचलला. किंचित कट्‌ झालं. फार लहान आवाज. चमकलं होतं ते कथील नव्हतं, कथील वाहावं म्हणून लावतात तो चिकट फ्लक्स होता. मधलं कथील अजून घट्ट होतं. बोर्ड वाचला, पण चिपच्या पोटावरच्या तीन टिकल्या उखडून निघाल्या. टिकल्या म्हणजे तांब्याचे ते ठिपके, ज्यांना गोळ्या चिकटतात. तिने भिंगातून पाहिलं. चिप डबीत ठेवला, चिठ्ठी लावली.

नवा प्रोसेसर बसला. चार भट्ट्या पूर्ण. बटण दाबलं, मशीन एका दमात उठलं. स्क्रीनवर प्रश्न आला. नवीन प्रोसेसर आढळला, जुन्या किल्ल्या पुसायच्या का? मीटरबाई कधी काही पुसत नाही. तिने 'नाही'चं बटण दाबलं. मावशीला बोलावणं धाडलं. मावशी हात पुसत आली, हातावर खडूची पूड होती.

चार आकडे विचारायचा पडदा आलाच नाही. निळा पडदा आला आणि अठ्ठेचाळीस आकडे मागू लागला.

मावशी आमच्याकडे बघू लागली. "मला चारच येतात."

मीटरबाई खुर्चीत बसली. मी तिला काम करताना बसलेलं पाहिलं आहे, पण असं नाही. ती स्वतःलाच सांगत असल्यासारखं बोलली. लेकीच्या डिस्कला कुलूप होतं. हल्लीची मशीनं ते आपलं आपण लावून घेतात. किल्ली डिस्कमध्ये नसते, ती जुन्या प्रोसेसरच्या पोटात जन्मलेली. नव्याला ती ओळखत नाही.

"पण तू नक्कल केली होतीस," मी म्हणालो.

"कुलपासकट केली, काका."

"ते अठ्ठेचाळीस आकडे कुठे असतील?" मावशीने विचारलं.

"तिच्या ऑनलाइन खात्यात. ते उघडायला तिचा फोन लागेल."

"फोन तिच्या हातातून घेतला नाही मी," मावशी म्हणाली. "तिच्याबरोबर तसाच गेला."

पडद्यावर पहिल्या आकड्याच्या जागी रेघ लुकलुकत होती.

मग मावशी म्हणाली, "मी म्हटलं होतं ना, घर शाबूत ठेव."

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

जुना प्रोसेसर पुन्हा बसवणं हा एकच रस्ता होता. डबी फळीवर होतीच. मीटरबाईने चिप उलटा करून भिंगाखाली धरला. तीन टिकल्या नाहीत. तिने चिपच्या टिकल्यांचा नकाशा काढून पाहिलं. दोन नुसत्या आधाराच्या, त्यांच्यावाचून चालतं. तिसरीवाचून चालत नाही.

मी म्हणालो, "बाई, चूक माझी आहे. उचल मी म्हणालो."

"हात माझा होता."

"सांगितलं मी."

"मग आता दिवा नीट धरा," ती म्हणाली.

त्या एका टिकलीवर दोन दिवस गेले. पात्याच्या टोकाने खरवडून आतली तांब्याची रेघ उघडी करायची. रेघ दिसायलाही भिंग लागतं. तिच्यावर केसाहून बारीक तार टेकवायची, तारेचं टोक टिकलीएवढं वळवायचं, ती हलू नये म्हणून वर खास रंग लावून तो घट्ट वाळवायचा. पहिली तार तुटली. दुसरी तिच्या श्वासाने उडाली. तिसरी बसली आणि मोजताना निघाली. चौथी बसली. ती तोंडाला रुमाल बांधून काम करत होती. मधे एकदा म्हणाली, "काका, रात्री डोळे मिटले की ती सावली दिसते. पुढे, मागे." घरी बायकोने न्हाणीघराचं दार लावलं की मीही आधी खालच्या फटीकडे बघू लागलो होतो.

मग अकराशे चाळीस गोळ्या. पाचव्या भट्टीत नवा प्रोसेसर निघाला. सहाव्या भट्टीत जुना परत बसला. या वेळी मी फक्त आकडे वाचले. बोर्डाचा एक कोपरा तपकिरी पडला होता. मीटरबाईने काड्या लावून मोजलं, पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. "किती वेळ जगेल सांगता येत नाही," ती म्हणाली. "मावशींना बोलवा."

मावशी आल्यावरच बटण दाबलं. पंखा फिरला, थांबला. पुन्हा फिरला. चार आकडे मागणारा पडदा आला.

मावशीने एकेक आकडा दाबला, एकही चुकला नाही.

सगळ्यात आधी मीटरबाईने त्या घराची फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली आणि मावशीच्या हातात दिली. मावशीने ती पिशवीतल्या शिवणाच्या बटणांच्या डबीत टाकली. मग फाइल उघडली. बाहेरची खोली आली. खाट, कपाट, लाल दोरा, फुटकी फरशी. पावलं आता अडखळत नव्हती. जुन्याच प्रोसेसरवर घर सरळ चाललं होतं. म्हणजे ग्राफिक्सचा एक चिप पुरे झाला असता. प्रोसेसर बदलायची गरजच नव्हती. मीटरबाईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. चार भट्ट्या फुकट आणि माणसाचा जीव टांगणीला. हे आम्ही दोघांनी नंतरही कधी बोलून दाखवलं नाही.

दार आलं. दाराखालचा उजेड. सावली पुढे, मागे.

"मी दाबू का?" मीटरबाईने विचारलं.

"नको." मावशीने स्वतः दाबलं.

दार सावकाश उघडलं. आत शिवणयंत्र होतं, भिंतीकडे तोंड केलेलं. दिवा लागलेला. समोर एक बाई बसली होती, पाठमोरी. खांदा किंचित उजवीकडे कललेला, मानेवर अंबाडा, अंबाड्यात खोचलेली सुई. पावलं पायट्यावर चालत होती. पुढे, मागे. मग थांबली. बाईने दोरा तोडायला मान वाकवली आणि पावलं पुन्हा चालू झाली.

मावशीचा हात आपल्या अंबाड्याकडे गेला. सुई तिथे होती.

"मीच आहे," ती म्हणाली.

पडद्यावरची बाई शिवत राहिली. मीटरबाई हळूच म्हणाली, "पुढून बघायचं? फिरवता येतं."

मावशीने बाण दाबून पाहिला. खोलीत पाऊल पडेना. लेकीने चालायची वाट उंबऱ्यापर्यंतच आखली होती. तिथून बघायचं, बस्स. मावशी बराच वेळ बघत राहिली आणि मग तिने विचारलं, "हे इतक्या उंचावरून का दिसतंय? दाराची वरची कडी माझ्या डोक्याच्या वर येते. इथे समोर आहे."

मीटरबाईला कळलं होतं. मलाही.

"ती माझ्याहून वीतभर उंच होती," मावशी म्हणाली. "म्हणजे दारात ती उभी आहे." आणि मग, "मला कधी कळलंच नाही. यंत्राच्या आवाजात मागचं ऐकू येत नाही."

पडद्यावरच्या बाईने मागे वळून पाहिलं नाही. तशी तिला बनवलीच नव्हती.

जाताना मीटरबाईने काढलेले दोन चिप, जुना ग्राफिक्सचा आणि नवा प्रोसेसर, दोन डब्यांतून तिला दिले. चिठ्ठीसकट. मावशीने काही न विचारता पिशवीत ठेवले. लॅपटॉप त्यानंतर एकोणीस दिवस चालला. विसाव्या दिवशी उठला नाही. मावशीने तो दुरुस्तीला आणला नाही. मीटरबाईने निरोप पाठवला तर उत्तर आलं, "राहू दे. बघून झालं."

मीटरबाईचं दुकान चालू आहे. आता ती मशीन उघडण्याआधी गिऱ्हाइकाला कुलपाचं विचारते, आणि टाकाऊ चिपही पूर्ण तापल्याशिवाय उचलत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, तो फेकायचाच आहे." ती ऐकत नाही.

दोन महिन्यांनी माझी पँट कमी करायची होती. बायको म्हणाली, "मावशीकडे द्या." मी त्यांच्या घरी पहिल्यांदाच गेलो आणि पहिल्यांदा गेल्यासारखं वाटलं नाही. खाट जिथे हवी तिथे होती. कपाटाचा लाल दोरा. फुटकी फरशी मी न बघता ओलांडली. समोर आतली खोली. दार बिजागऱ्यांवरून उतरवून भिंतीला टेकवलेलं होतं. आत दिवा, यंत्र, मावशी पाठमोरी. अंबाड्यात सुई. मी उंबऱ्यापाशी येऊन थांबलो. पायटा चालत होता. मी हाक मारणार, इतक्यात तो थांबला.

"कोण आहे ते माहीत नाही," ती मागे न वळता म्हणाली, "पण दारात उभे राहू नका. आत या, नाहीतर बाहेर बसा. ती जागा मोकळी लागते."

मी आत जाऊन बाजूच्या स्टुलावर बसलो. तिने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, पँट घेतली, माप विचारलं. मग पुन्हा भिंतीकडे तोंड केलं आणि पाय चालू केले. काम होईपर्यंत, सत्तावीस मिनिटं, मी दाराकडे बघितलं नाही.